पगार वाढला आणि विमा गेला: मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाची सामाजिक सुरक्षा

प्रश्न असा आहे: ‘माझे पती नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. एप्रिलमध्ये त्यांचा पगार 20,800 वरून 21,600 रुपये झाला आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बंद झाले. मी एका औषध वितरकाच्या कार्यालयात 14,000 रुपयांवर हिशेबाचे काम करते. तिथे आम्ही बारा जण आहोत. घरी शाळेत जाणारी दोन मुले आणि 66 वर्षांच्या सासूबाई आहेत. देशातील 64 टक्के लोकांना सामाजिक सुरक्षा मिळते असे वाचले. त्यात आम्ही मोडतो का? आणि मोडत असू, तर एखाद्या आजारपणाची आम्हाला इतकी धास्ती का वाटते?’

बहुतेक करून आपले पती त्या 64 टक्क्यांत मोजले गेले आहेत, आणि तरीही आपली धास्ती अगदी रास्त आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे आधी सांगतो. मग आपल्या घरासाठी काय करता येईल त्याकडे वळतो. पीएफ आणि ईएसआयच्या नोंदी, वर्गण्या आणि दाव्यांचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. आपल्यासारख्या उत्पन्नाच्या कुटुंबांची कागदपत्रेच माझ्या टेबलावर सर्वाधिक येतात, त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही.

तो आकडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या माहितीसाठ्यातील आहे. भारतात 2015 मध्ये 19 टक्के असलेली व्याप्ती 2025 मध्ये 64.3 टक्क्यांवर, म्हणजे सुमारे 94 कोटी लोकांपर्यंत पोहोचली, असे केंद्र सरकारने त्या वर्षी जाहीर केले. ही वाढ खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र या मोजणीत किमान एका योजनेचे संरक्षण असले की व्यक्ती ‘संरक्षित’ धरली जाते. पतींच्या नावावर पीएफ आहे, ते आत आले. उद्या त्यांचा हात मशीनमध्ये सापडला, तीन महिने काम बंद पडले, किंवा कारखान्याला टाळे लागले, तर काय मिळेल, हे तो आकडा विचारत नाही. याच संघटनेच्या 1952 च्या 102 क्रमांकाच्या कराराने सामाजिक सुरक्षेचे नऊ विभाग मानले आहेत: वैद्यकीय उपचार, आजारपणातील वेतन, बेकारी, वार्धक्य, कामावरील इजा, कुटुंबभत्ता, बाळंतपण, अपंगत्व आणि कमावत्या माणसाचा मृत्यू. आपल्या घराचा हिशेब या नऊ प्रश्नांवर मांडला, तर दोन-तीन ठिकाणी ‘आहे’, दोन-तीन ठिकाणी ‘थोडेसे आहे’ आणि उरलेल्या ठिकाणी ‘नाही’ असे उत्तर येते. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांच्या व्याप्तीबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे: योजना मोजू नयेत, संकटे मोजावीत.

हे असे का झाले, याचे मूळ व्यवस्था उभी राहिली त्या क्रमात आहे. वरच्या बाजूने 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि 1952 चा भविष्य निर्वाह निधी कायदा आला. दोन्ही कायदे कारखान्यातील नोंदीत कामगार डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते. खालच्या बाजूने रेशन, निराधारांचे अनुदान, रोजगार हमी आणि 2018 मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना आली. त्यांचा रोख गरिबांकडे होता आणि तो तसाच असायला हवा होता. या दोन बाजू मध्ये कुठेतरी एकमेकींना भेटतील अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. 2023-24 च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे 58 टक्के कामकरी लोक स्वयंरोजगारात आहेत, नियमित पगारदार केवळ 22 टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि शेतीबाहेरच्या या पगारदारांतही निम्म्याहून अधिक लोकांना पीएफ, ग्रॅच्युइटी किंवा आरोग्यविमा यांपैकी काहीही लागू नाही. नीती आयोगाने ऑक्टोबर 2021 च्या अहवालात आरोग्यापुरता हाच प्रश्न मांडला आणि किमान 30 टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे 40 कोटी माणसे, कोणत्याही आरोग्यविम्याविना मध्येच राहिली असल्याचे नोंदवले.

महाराष्ट्रातील उत्पन्नमर्यादा शेजारी शेजारी ठेवून पाहा. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागते. सवलतीच्या धान्याच्या प्राधान्य यादीसाठी शहरी भागात 59,000 रुपये आणि ग्रामीण भागात 44,000 रुपये ही वार्षिक मर्यादा आहे. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाखांची आहे. आपल्या घरचे वार्षिक उत्पन्न 4,27,200 रुपये होते, त्यामुळे या तिन्ही दारांतून आपण बाहेर राहता, आणि त्यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. अन्याय पुढे आहे. ईएसआयचे दार पगारदारांचे आहे, ते वर्गणी भरणाऱ्यांचे आहे, दानाचे नाही. आणि तेही 21,000 रुपये मासिक वेतनावर बंद होते. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून आजतागायत तीच आहे, वेतने मात्र तिथे थांबलेली नाहीत.

आपल्या पतींच्या पगारपत्रकाचे गणित मांडतो. 20,800 रुपयांवर त्यांची वर्गणी पाऊण टक्का, म्हणजे 156 रुपये होती. मालक सव्वातीन टक्के, म्हणजे 676 रुपये भरत होता. महिन्याला एकूण 832 रुपयांत कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचार, औषधे, रुग्णालयातील उपचार आणि पतींना वेतनाची भरपाई असे सर्व मिळत होते. पगार 800 रुपयांनी वाढला आणि 156 रुपयांची कपात थांबली, म्हणून हातात 956 रुपये जास्त आले. तेवढ्यात आपल्या घराचे, 66 वर्षांच्या व्यक्तीसह, मेडिक्लेम बसत नाही. वाढलेल्या 800 रुपयांनी कुटुंब सधन झालेले नाही. केवळ व्यवस्थेच्या दृष्टीने ते ‘स्वतःचे स्वतः बघू शकणारे’ ठरले.

इथे एक बारकावा आहे, जो फार थोड्या कामगारांना आणि आश्चर्य वाटेल इतक्या थोड्या मालकांना माहीत असतो. ईएसआयची वर्गणी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन कालखंडांत मोजली जाते. कालखंडाच्या मध्येच पगार मर्यादेपुढे गेला, तर तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवावीच लागते. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचे लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतात, तर एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचे लाभ त्यापुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. आपल्या पतींची वाढ 1 एप्रिलपासून लागू झाली, म्हणजे नव्या कालखंडाच्या पहिल्याच दिवशी ते बाहेर पडले. तरीही मार्चपर्यंतच्या वर्गणीवर वैद्यकीय लाभ यंदाच्या 31 डिसेंबरपर्यंत मिळायला हवेत. कार्ड बंद झाले असे समजून ते कपाटात ठेवू नये. हीच वाढ 1 मेपासून दिली असती, तर सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालली असती आणि लाभ पुढच्या वर्षीच्या 30 जूनपर्यंत मिळाले असते. मालकाला त्यासाठी सहा महिने दरमहा सुमारे 700 रुपयांचीच वर्गणी भरावी लागली असती; कुटुंबाला मात्र सहा महिन्यांचे संरक्षण अधिक मिळाले असते. मर्यादेजवळ पगार असलेल्या प्रत्येक कामगाराने वाढीचे पत्र हाती येण्याआधी मनुष्यबळ विभागाशी ही गोष्ट बोलून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

ईएसआय गेले म्हणजे दवाखाना गेला, एवढेच लोक धरून चालतात. खरे नुकसान त्याहून मोठे आहे. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळत होती, ती गेली. कामावर मृत्यू झाल्यास अवलंबितांना मिळणारे वेतनाच्या 90 टक्के मासिक निवृत्तिवेतन गेले. नोकरी सुटल्यावर 90 दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या, 2018 मध्ये सुरुवातीला पाव आणि 2020 पासून निम्मी, रक्कम देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, तीही ईएसआयच्या विमेदारांपुरतीच, त्यामुळे बेकारीचे संरक्षणही गेले. कामावरील इजेची भरपाई देण्याची जबाबदारी आता थेट मालकावर येते. 1923 चा कायदा तसे सांगत होता आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. परंतु वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याने त्यासाठी वेगळी विमा पॉलिसी घेतलेली असेलच याची खात्री देता येत नाही. पतींनी मालकाला सरळ विचारावे की, ‘21,000 च्या वर गेलेल्या माणसांसाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी काढली आहे का?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही; ती पॉलिसी मालकाच्याही हिताची असते, कारण एका गंभीर अपघाताची भरपाई लहान उद्योगाला झेपत नाही.

आता आपल्या स्वतःच्या नोकरीकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या घरासाठी सर्वांत मोठे न उघडलेले दार तिथे आहे. आपल्या कार्यालयात बारा माणसे आहेत. पीएफसाठी वीस माणसांची अट आहे, त्यामुळे तो लागू नसणे समजू शकते. ईएसआयची अट मात्र दहा माणसांची आहे, आणि ती दुकाने व कार्यालयांनाही लागू आहे. आपला पगार मर्यादेच्या बराच आत आहे. म्हणजे आपली नोंदणी व्हायलाच हवी होती. ती झाली तर आपले 105 रुपये आणि मालकाचे 455 रुपये अशा मासिक वर्गणीत आपल्यासह पती आणि मुलांना वैद्यकीय लाभ मिळू लागतील. नवरा कमावता आहे म्हणून तो पत्नीच्या ईएसआयतून वगळला जात नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तर स्त्री कर्मचाऱ्याच्या कुटुंबाच्या व्याख्येत, उत्पन्नाच्या अटीवर, सासू-सासऱ्यांनाही घेतले आहे. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी ठरावीक मुदतीची वर्गणी जमा असावी लागते, त्यामुळे जितकी लवकर नोंदणी होईल तितके बरे. सातपूरला ईएसआयचे रुग्णालय आहे आणि आपण त्याचा अनुभव घेतलेला असेल. गर्दी असते, औषधांसाठी हेलपाटे होतात, हे मला ठाऊक आहे. तरीही मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांपासून बायपासपर्यंत सलग जबाबदारी घेणारी दुसरी व्यवस्था या उत्पन्नाच्या कुटुंबाला आज उपलब्ध नाही.

रुग्णालयातील मोठ्या खर्चासाठी महाराष्ट्रात एक महत्त्वाचा बदल झाला आहे आणि तो मध्यम उत्पन्नाच्या लोकांपर्यंत पुरेसा पोहोचलेला नाही. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिलेली जनआरोग्य योजना मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डासह राज्यातील सर्व रहिवासी कुटुंबांना खुली केली, कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांवर नेले, आणि 1 जुलै 2024 पासून आयुष्मान भारतशी जोडून ती नव्या स्वरूपात अमलात आली. त्यामुळे आपल्याला काहीच नाही, असे आता म्हणता येणार नाही. रेशनकार्डावर घरातील सर्वांची नावे आहेत का, आधारशी जोडणी आणि ई-केवायसी झाली आहे का, हे आजच तपासावे. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या काउंटरवर नाव सापडले नाही, तर कायद्याने असलेला हक्क त्या घटकेला उपयोगी पडत नाही.

या योजनेच्या मर्यादाही स्पष्ट माहीत हव्यात. ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते, केवळ अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांत चालते, आणि ओपीडीचा खर्च देत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये आरोग्यावरील एकूण खर्चापैकी 64.2 टक्के लोकांच्या खिशातून जात होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. उरलेल्यात औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांचा वाटा फार मोठा आहे. सासूबाईंच्या महिन्याच्या गोळ्या हा खर्च अचानक येत नाही आणि बातमीही होत नाही. तो फक्त दर महिन्याला बचत खात जातो. सासूबाई 70 वर्षांच्या झाल्या की, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर 2024 पासूनच्या केंद्राच्या तरतुदीनुसार त्यांना आयुष्मान वय वंदना हे आरोग्यविम्याचे कार्ड मिळेल. तोपर्यंतच्या चार वर्षांसाठी राज्याची योजना आणि आपले ईएसआय यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

खासगी मेडिक्लेम घ्यावा का, असे आपण पुढे विचारालच. जमत असेल तर घ्यावा, आणि पतींचे ईएसआयचे लाभ चालू असतानाच घ्यावा. नव्या पॉलिसीत अपघात वगळता पहिले तीस दिवस क्लेम मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. 2024 पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत होती. वैयक्तिक पॉलिसीवरील 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला, हा मोठाच दिलासा आहे. पती, आपण आणि मुले यांची एक फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सर्वांना मिळून एकच विमा-रक्कम असलेली पॉलिसी, घ्यावी आणि सासूबाईंना तीत घालू नये, कारण फ्लोटरचा हप्ता घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या वयावर ठरतो. प्रपोजल फॉर्ममध्ये मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, तंबाखूची सवय, काहीही लपवू नये. एजंट ‘लिहायची गरज नाही’ म्हणाला, तर एजंट बदलावा. नाकारलेल्या क्लेममध्ये हेच कारण मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि ते पाहताना दर वेळी वाईट वाटते, कारण बहुतेकदा ते कुटुंब खोटे बोललेले नसते, कोणीतरी त्याच्या वतीने रकाने भरलेले असतात.

वार्धक्याच्या बाबतीत मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांचा गैरसमज उलट दिशेने असतो. पीएफ आहे म्हणजे पेन्शन आहे, असे धरले जाते. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, पण तेही 2014 पासून जास्तीत जास्त 15,000 रुपयांच्या वेतनावर, म्हणजे महिन्याला 1,250 रुपये. पेन्शनचे सूत्र असे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले 70. पंचवीस वर्षे नोकरी झाली आणि नियमाप्रमाणे दोन वर्षे वाढवून मिळाली, तरी 15,000 गुणिले 27 भागिले 70, म्हणजे दरमहा सुमारे 5,786 रुपये होतात, आणि ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेला आणि तेव्हाच 15,000 च्या वर मूळ वेतन असलेला कर्मचारी या पेन्शन योजनेत नसतोच. त्याच्या विधवेचे निवृत्तिवेतनही त्यामुळे नसते, आणि हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. नोकरी बदलताना पीएफ आणि पेन्शनची रक्कम काढून घेण्याची सवय तर फारच घातक आहे. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि प्रत्येक वेळी पैसे काढले की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. खाते यूएएनमार्फत, म्हणजे पीएफच्या कायम सदस्य क्रमांकामार्फत, नव्या मालकाकडे वर्ग करावे.

आपल्या नावावर पीएफ नाही, म्हणून वय 40 च्या आत असल्यास अटल पेन्शन योजनेचा विचार होऊ शकतो. ऑक्टोबर 2022 पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना तिचे दार बंद आहे, आपल्या 14,000 रुपयांच्या पगारावर तो प्रश्न येत नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी महिना 577 रुपये भरू लागले, तर साठीनंतर 5,000 रुपये मिळतात. महागाई सरासरी 5 टक्के धरली, तर तीस वर्षांनंतरचे ते 5,000 आजच्या साधारण 1,150 रुपयांइतके असतील. घ्यावी, पण म्हातारपणाची सोय झाली असे समजू नये.

कमावत्या माणसाच्या मृत्यूबाबत आपली बाजू त्यामानाने बरी आहे. पीएफशी जोडलेल्या ठेव विमा योजनेत नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसांना सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. तिची वर्गणी पूर्णपणे मालक भरतो, म्हणून पगारपत्रकावर ती दिसत नाही आणि अनेक कुटुंबे दावाच करत नाहीत. 436 रुपये वार्षिक हप्त्याची जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण देतात. दोघांच्याही खात्यांवर त्या चालू आहेत का ते पासबुकातील मे-जूनच्या नोंदींवरून कळेल. पीएफमधील वारसनोंद लग्नाआधीची राहिलेली असेल, तर ती तातडीने बदलावी.

मग धोरण कसे असावे? माझे मत ठाम आहे: वेतनमर्यादा वर्गणी मोजण्यासाठी असावी, हक्क काढून घेण्यासाठी नसावी. 21,000 च्या वर गेलेल्या माणसाला, 21,000 रुपयांवरचीच वर्गणी भरून, ईएसआयमध्ये राहू द्यावे. यात सरकारी तिजोरीवर दानाचा बोजा येत नाही. उलट नियमित वर्गणी भरणारी, तुलनेने स्थिर कुटुंबे निधीत टिकतात. ईएसआय चालवणाऱ्या महामंडळालाही मर्यादेपाशी लाभ एकदम तुटतात याची जाणीव आहे. निवृत्त विमेदाराला नाममात्र वर्गणीत वैद्यकीय लाभ देण्याची सोय होती, पण पगार मर्यादेपुढे गेल्याने निवृत्तीआधी बाहेर पडलेले लोक तिला मुकत होते. 2024 मध्ये महामंडळाने किमान पाच वर्षे विमेदार असलेल्या आणि 30,000 पर्यंतच्या वेतनावर निवृत्त झालेल्या अशा लोकांना ती देण्याचा निर्णय घेतला. निवृत्तांना जे मान्य केले, ते नोकरीत असलेल्यांना नाकारण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

स्वयंरोजगारातल्या लोकांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यांच्या वर्गणीत अर्धा वाटा उचलणारा मालकच नसतो. आपल्या राज्याने मात्र 1969 मध्येच त्याचे एक उत्तर शोधले होते. माथाडी कायद्याने अनेक व्यापाऱ्यांकडे विखुरलेले काम करणाऱ्या हमालांसाठी मंडळे स्थापन केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची पद्धत घातली आणि व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेऊन पीएफ, ग्रॅच्युइटी, वैद्यकीय सोय उभी केली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळवलेली ही व्यवस्था पुढे दुबळी झाली, तिचा गैरवापरही झाला. तरी कायम मालक नसलेल्या माणसालाही सामाजिक विमा देता येतो, हे तिने दाखवले. नव्या संहितेत ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यावी ही तरतूद त्याच विचाराची आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, पैसा मर्यादित असताना तो आधी गरिबांवर खर्च व्हावा. तो प्रामाणिक आक्षेप आहे. परंतु एका कर्करोगाने किंवा एका डायलिसिसने मध्यम कुटुंब दोन वर्षांत त्याच गरिबांच्या यादीच्या दाराशी येऊन उभे राहते. फरक इतकाच की, तोवर दागिने आणि घर गेलेले असते आणि उत्पन्नाचा जुना दाखला मात्र आडवा येतो. शिवाय मध्यम कुटुंबे वर्गणी द्यायला तयार असतात. राजस्थानने 2021 मध्ये चिरंजीवी आरोग्यविमा योजनेत मोफत यादीबाहेरच्या कुटुंबांना वर्षाला 850 रुपये भरून येऊ दिले. गोव्याने 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना उत्पन्नाची अट न घालता, पाच वर्षांच्या रहिवासावर खुली केली. ऐच्छिक वर्गणीचा धोका हा की आजारी लोकच आधी येतात. म्हणून थायलंडने 2002 मध्ये केले तसे, अन्य कोणत्याही योजनेत नसलेल्या प्रत्येकाला आपोआप आत घेणे, हाच मला टिकाऊ मार्ग वाटतो. महाराष्ट्राने 2024 मध्ये रुग्णालयातील उपचारांपुरते हे पाऊल टाकले आहे. ओपीडी, औषधे आणि आजारपणातील बुडालेले वेतन या तीन गोष्टी अजून बाहेर आहेत, आणि मध्यम कुटुंबाला कर्जात लोटणाऱ्या गोष्टींत त्यांचा वाटा मोठा असतो.

आपण सर्वांत आधी आपल्या कार्यालयातील नोंदणीचा विषय काढावा. मालकाशी बोलताना तक्रारीच्या सुरात सुरुवात करू नये. अनेक लहान व्यावसायिकांना भीती मागील थकबाकीची असते, वर्गणीची नसते. 1 जुलै 2025 पासून ईएसआय महामंडळाने ‘स्प्री’ मोहीम राबवली, तेव्हा स्वतःहून नोंदणी करणाऱ्यांकडून मागची वर्गणी मागितली नव्हती. तशी सवलत सध्या चालू आहे का, हे त्यांच्या कर सल्लागाराला प्रादेशिक कार्यालयातून विचारायला सांगावे. बारा जणांच्या वर्गणीचा एकूण आकडा कागदावर मांडून दाखवावा; सर्वांचा पगार आपल्याइतका धरला, तर मालकाचा वाटा महिन्याला 5,460 रुपये होतो. त्याच्यासमोर हेही ठेवावे की नोंदणी नसताना एखाद्या कर्मचाऱ्याला कामावर इजा झाली, तर महामंडळ दिलेल्या लाभांची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एवढे करूनही नकार आला, तर पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, हजेरीची छायाचित्रे आणि सहकाऱ्यांची नावे घेऊन महामंडळाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. पतींचे लाभ 31 डिसेंबरपर्यंत आहेत, म्हणून हे सर्व सप्टेंबरच्या आत उरकावे.